चौथ्या ताऱ्याचं रबर

४ जानेवारी

चिंगे,

या आठवड्याच्या चाचण्यांचे कागद लिफाफ्यात आहेत. बावीस पानं, मोजून घे. हे तेविसावं पान घरचं आहे, ते फाइलला लावू नकोस. मागच्या खेपेला तुझ्या त्या टापटीप कारकुनाने माझ्या गुडघेदुखीवर आवक क्रमांक टाकून शिक्का मारला होता.

जाहिरात पाहिली. न पाहून सांगते कुणाला? पेपर आला तसं बाबांनी ते पान कात्रीने कापलं आणि जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं. तेही नेमकं माझ्या जागेवर, का तर म्हणे खिडकीचा उजेड तिथेच चांगला पडतो. तू फ्रीजच्या दारावर हात टेकून उभी आहेस, दारावर ते वीजबचतीचं लेबल, लेबलवर चार तारे, आणि खाली तुझी झोकदार सही. आता मी रोज दोन वेळा तुझ्या तोंडावर ताट ठेवून जेवते. बाबा मान तिरकी करून खाली बघत घास घेतात, आणि माझं ताट जरा सरकलं की म्हणतात, ताट बाजूला घे, दिसत नाही.

अभिनंदन करायला बसले आहे तर ते करते. अभिनंदन. मला हेवा वाटतो असं समजू नकोस. वाटतो, पण तू तसं समजू नकोस.

गेल्या ऑगस्टात त्या लेबलच्या योजनेचा फॉर्म भरायचा ठरला तेव्हा मी त्याच खोलीत होते, हातात चहाचा ट्रे होता. 'सही करणारी जबाबदार व्यक्ती' या ओळीवर बाबांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, इथे चिंगी करेल. झालं. एकतीस वर्षं मी या कारखान्यातल्या फ्रीजच्या दारांना हात लावतेय. तू वहीवर शाईचे डाग पाडत होतीस तेव्हा मी दाराच्या कडेला रबर बसवायला शिकले होते. रबर नीट बसलं नाही की आतली थंडी बाहेर जाते, मोटर जास्त फिरते, वीज जास्त जळते. हे तुला सांगायला नको, पण त्या लेबलवर दार कुणी बसवलं हे लिहायला जागाच ठेवलेली नाही. तारे काही सहीने येत नाहीत, एवढंच म्हणते आणि गप्प बसते.

तुझी,
ताट बाजूला घेणारी ताई

११ जानेवारी

ताई,

तुझी गुडघेदुखी अजून रजिस्टरात आहे. एकदा चढलेलं खोडता येत नाही असं कारकून म्हणतो, त्यामुळे ती आता कंपनीच्या मालकीची झाली.

फोटोचं एवढं मनावर घेऊ नकोस. तीन तास मला उंच टाचांवर उभं केलं होतं आणि 'दाराकडे प्रेमाने बघा' म्हणत होते. मी प्रेमाने बघत होते ती खुर्चीकडे. आणि तुझं ताट माझ्या तोंडावर असेल, पण बाबांच्या समोर रोज तू असतेस. मला रविवारी फोनवर तीन वाक्यं मिळतात. जेवलीस का, ऑफिस कसं आहे, ठेवतो.

सहीत मिरवण्यासारखं काही नाही गं. ही योजना ऐच्छिक आहे. लेबल लावा अशी जबरदस्ती कुणावर नाही. पण लावायचं ठरवलं तर आधी तीन नग त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि मग कारखान्याने लिहून द्यायचं की विकला जाणारा प्रत्येक फ्रीज या तिघांसारखाच असेल. त्या वाक्याखाली माझी सही आहे. सही करण्याआधी मी तुला चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, तिन्ही नग लाइनवरचेच, रोज निघणाऱ्या मालातलेच आहेत ना? तू उलट टपाली लिहिलंस, 'हो गं बाई, लाइनवरचेच.' मग मी निर्धास्त झाले. तुझ्या शब्दावर मी याहून मोठ्या कागदावरही सही करेन.

तारे सहीने येत नाहीत, हे तुझं वाक्य मला लागलं. त्यात रुसवा आहे हे कळतं मला. म्हणून तुझ्यासाठी एक चार ताऱ्यांचा फ्रीज पाठवतेय, घरी वापरायला. तुझा तो जुना आता घरघर करतो म्हणालीस ना? गोदामातून दुकानात जाणाऱ्या मालातलाच आहे, मुद्दाम निवडलेला नाही.

चिंगी

२ फेब्रुवारी

चिंगे,

फ्रीज पोचला. चार माणसांनी तो जिन्यावरून चढवला, पाचवे बाबा दारात उभे राहून सूचना देत होते आणि त्यांच्यामुळेच उशीर झाला. फ्रीज छान आहे. दार सुरुवातीला जरा सैल लागत होतं, ते माझं मी बघून घेतलं. आता झकास बसतं.

शेजारीण फ्रीज बघायला आली. लेबलवरून बोट फिरवून म्हणाली, ही तुमची धाकटी ना जाहिरातीतली, फार हुशार हो. मी म्हटलं हो, बसा, चहा घ्या. तिच्या कपात साखर घालायला विसरले. विसरले म्हणजे घातली नाही.

बाबा माझ्या समोर असतात हे खरं. समोर बसतात आणि खाली काचेकडे बघतात. तुला तीन वाक्यं मिळतात, मला 'मीठ दे' मिळतं. काल तर जेवण झाल्यावर चष्मा लावून, काचेला नाक टेकेपर्यंत वाकून बघत होते. मी टेबल पुसायचं थांबवून उभी राहिले, तर हाताने खूण केली, थांब म्हणून. आपल्याच घरात मी कुणाच्या तरी दर्शनाच्या रांगेत आहे असं वाटलं.

आणि ऐच्छिक ऐच्छिक काय लावलंयस? शाळेत मला चित्रकला ऐच्छिक होती. नापास झाले, तरी वर्ष वाया गेलं नाही. तुझी योजना तसली असेल तर एवढा घोर कशाला लावून घेतेस? लाइनवरचे नग का म्हणून पुन्हा विचारू नकोस, एकदा सांगितलं ना.

ताई

२० जून

ताई,

चार महिने झाले, लिफाफ्यात नुसती बावीस पानं येतात. तेविसावं येत नाही. तू रागावली आहेस की गुडघा वाढलाय ते मला इथे बसून कळत नाही.

एक वाईट बातमी आहे. योजनेच्या लोकांनी एका दुकानात जाऊन साध्या गिऱ्हाइकासारखा आपला फ्रीज विकत घेतला आणि तपासला. आपण लावलेत चार तारे, भरले तीन. नियमाप्रमाणे त्यांनी आणखी दोन घेतले, दोन वेगळ्या शहरांतून. तेही तीनच. आता माझ्या नावाने नोटीस आली आहे. पाठोपाठ फ्रीज घेतलेल्या लोकांच्या संघटनेनेही तक्रार केली आहे, की चार तारे बघून आम्ही घेतला, वीज तीन ताऱ्यांची जळते, आमची फसवणूक झाली.

आपल्या वकीलबाईंनी सांगितलंय की या विषयावर कंपनीच्या फोनवर किंवा मेलवर एक अक्षर बोलायचं नाही. म्हणून हे पत्र व्हॅनच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तू चाचणी विभागाची प्रमुख आहेस, कुठे काय बिघडलं ते तुझ्याइतकं कुणाला कळणार? मोटर बदलली का? फोम कमी पडतोय का? नीट विचार करून लिही.

बाबांना काही सांगू नकोस.

चिंगी

२७ जून

चिंगे,

गुडघा ठीक आहे. रागावलेली नाही. तेविसाव्या पानावर लिहिण्यासारखं काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही.

मोटर तीच आहे, फोम तोच आहे. दुकानदार फ्रीज कसे ठेवतात ते तू पाहिलं आहेस का? आडवे करून टेम्पोत घालतात, वर माणसं बसतात. शिवाय या दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या लोकांना मीटरच्या वायरी तरी नीट लावता येतात का देव जाणे. पहिल्या प्रयोगशाळेने चार दिले ना? मग जबाबदारी त्यांची. त्यांना धरा. आणि अगदीच गळ्याशी आलं तर योजनेतून नाव काढून घ्या आणि मोकळे व्हा. आपणहून गेलात, आपणहून बाहेर या.

तुला वाटेल ही फार शांतपणे लिहितेय. मी आयुष्यभर मागच्या खोलीत बसून शांतपणेच लिहीत आले आहे. पुढच्या खोलीत तू आहेस. नोटीस पुढच्या खोलीत येते.

काचेखालचा फोटो आता काढायचा का, तेवढं कळव.

ताई

९ जुलै

ताई,

नाव काढून घ्या आणि मोकळे व्हा, असं मीही वकीलबाईंना म्हणून पाहिलं. योजना ऐच्छिक आहे, मग शिक्षा कसली? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "लेबल लावायचं की नाही ही तुमची मर्जी होती. लावल्यावर ते खरं असणं ही तुमची मर्जी नाही."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ज्या बाईने चार तारे बघून दुसऱ्या कंपनीचा फ्रीज सोडला आणि आपला घेतला, तिला आपण शब्द दिला. तो कुणी मागितला नव्हता, आपणहून दिला, म्हणून तर तो जास्त अंगावर येतो. पहिल्या प्रयोगशाळेला धरता येत नाही, कारण तिने तीन नग तपासले आणि त्या तिघांचं खरं तेच सांगितलं. बाकीचे अकराशे चाळीस त्यांच्यासारखेच आहेत, हे आपण लिहून दिलं. आपण म्हणजे मी.

तीस तारखेला सुनावणी आहे. दोनच गोष्टी होऊ शकतात. नुसती चूक ठरली तर कंपनीने लेबलं बदलायची, घरोघरचे फ्रीज दुरुस्त करून द्यायचे, आणि वर्षभर यादीबाहेर राहायचं. पण चाचणीचे नग खास तयार केलेले होते आणि सही करणारीला ते माहीत होतं, असं ठरलं तर ती फसवणूक. मग खटला माझ्या एकटीवर चालेल.

'खास तयार केलेले' हे कुठून आलं ते सांगते. जाहिरातीत माझ्या शेजारी जो फ्रीज आहे, तो चाचणीहून परत आलेल्या तिघांपैकी एक. फोटो झाल्यापासून आमच्या तळमजल्यावर पडून होता. परवा वकीलबाईंनी तो पुन्हा तपासायला लावला. चार तारे, ताई. आजही चार. त्या तीन नगांत असं काय होतं?

तुझी ती चिठ्ठी, 'हो गं बाई, लाइनवरचेच', माझ्या खणात आहे. वकीलबाईंना मी ती दाखवलेली नाही. दाखवली तर मी सुटते आणि तू सापडतेस. बाबा तुझ्याजवळ राहतात, त्यांना या वयात पोलीस दारात आलेले दिसायला नकोत. मी ती दाखवणार नाही, हे ठरलेलं आहे. तू फक्त मला खरं काय ते सांग, माझ्यापुरतं.

चिंगी

२० जुलै

चिंगे,

तुझं पत्र वाचून आधी मला संताप आला. फोटो तुझा, सही तुझी, आणि आता बहिणीसाठी स्वतः बुडायचा मोठेपणाही तुझाच. उद्या नात्यातल्या सगळ्या जणी म्हणतील, धाकटीने थोरलीला पाठीशी घातलं, काय मनाची बाई. आणि मी मागच्या खोलीत बसून ते ऐकायचं. एवढं तुला मिळू देणार नाही मी.

म्हणून लिहिते. नीट वाच, आणि वाचून झालं की वकीलबाईंना दे.

बाबांच्या वेळेपासून कारखान्यात एक पद्धत आहे. फ्रीज कुठे महत्त्वाच्या ठिकाणी जायचा असला, इस्पितळात औषधं ठेवायला म्हण किंवा कुणा मोठ्या गिऱ्हाइकाकडे म्हण, की दार थोरलीने बसवायचं. गरम पाण्यात फडकं पिळून रबर शेकायचं, चारही कोपरे अंगठ्याने दाबत यायचं, दार लावून सहा तास तसंच ठेवायचं. मग कागदाची पट्टी दारात धरून ओढायची. पट्टी अडली तर दार बसलं, सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. एका दाराला माझा अख्खा दिवस जातो. लाइनवर तेच रबर दीड मिनिटात दाबून पुढे ढकलतात.

ते तीन नग लाइनवरचेच होते. दारं मात्र मी बसवली होती. सवयीने केलं असं मी सुनावणीत सांगितलं तर कुणीही विश्वास ठेवेल. पण तुला म्हणून सांगते, सवयीने नाही केलं. सही तुझी ठरली त्याच दुपारी मी बाही वर केली. म्हटलं, करू दे तिला सही, चौथा तारा माझ्या अंगठ्याचा असेल. तिला कळणारही नाही. मला एकटीला माहीत असेल, आणि तेवढं मला पुरेल.

पुरलं नाही. तू फ्रीज पाठवलास त्या दिवशी माणसं जिना उतरायच्या आत मी पट्टी लावून पाहिली. दारात धरली, सोडली, ती आपोआप खाली पडली. म्हणजे फेब्रुवारीतच मला कळलं होतं की दुकानात जाणारा माल चार ताऱ्यांचा नाही. त्याच दिवशी तुला दोन ओळी लिहिल्या असत्या तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी काय केलं? माझ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजचं रबर शेकून घट्ट बसवलं आणि तुला लिहिलं, फ्रीज छान आहे. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. माझ्याशिवाय चिंगीचे तीनच तारे, असं मी भांडी घासताना मनात म्हणत होते. नोटीस आल्याचं वाचलं तेव्हाही आधी बरंच वाटलं, भीती मागाहून आली.

आता बाबांचं ऐक. तुझं नऊ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मी रागाने काच उचलली आणि तुझा फोटो काढून कपाटात टाकला. दुपारी जेवायला बसले तर बाबा ताटाला हात लावेनात. काचेवर हात फिरवत म्हणाले, "माझं दार कुठे गेलं?"

मी म्हटलं, कसलं दार? चिंगीचा फोटो होता तो.

"चिंगी आहे त्यात, ते ठीक आहे. दार कुठे आहे?"

मी फोटो आणून दिला. त्यांनी नखाने दाखवलं. वरपासून खालपर्यंत दाराच्या कडेची एक सरळ रेघ, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. म्हणाले, लाइनवरच्या फ्रीजला असं दार बसत नाही, हे तुझं आहे, मी पहिल्याच दिवशी ओळखलं. सात महिने ते ताटावर वाकून माझ्या हातचं रबर बघत होते, चिंगे, आणि मी त्यांच्यासमोर बसून तुझ्यावर जळत होते. मला रडू आवरेना. मग सही तिची का घेतली, म्हणून मी विचारलंच. म्हणाले, सही कुणाचीही चालते, तुला तिथे बसवलं असतं तर दारं कुणी बसवली असती?

एवढ्यावर थांबले असते तर मी आयुष्यभर सुखात राहिले असते. पण त्यांनी घास घेतला, चावला, आणि साधंच विचारावं तसं विचारलं, "बाकीच्यांना का नाही बसवलंस असं?"

अकराशे चाळीस घरांत तो फ्रीज आहे. त्यातल्या एकाही बाईने माझं काही वाकडं केलेलं नाही. लाइनवरच्या पोरींना मी एकदा जवळ बसवून शिकवलं असतं तर दीड मिनिटाच्या जागी पाच मिनिटांत बऱ्यापैकी दार बसलं असतं. मी कधी शिकवलं नाही. त्यांना येऊ लागलं तर माझं काय राहिलं, म्हणून नाही शिकवलं.

सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यातला मजकूर असा: 'मी, कारखान्याच्या चाचणी विभागाची प्रमुख, लिहून देते की चाचणीला पाठवलेल्या तिन्ही फ्रीजच्या दारांची रबरं मी स्वतः हाताने बसवली. लाइनवर ती तशी बसत नाहीत हे मला माहीत होतं. घोषणापत्रावर सही करणाऱ्या माझ्या बहिणीने मला लेखी विचारलं असता मी हे तिच्यापासून लपवलं. विकलेला माल कमी भरतो हे फेब्रुवारीत कळूनही मी ते कुणाला सांगितलं नाही. हे मी कुणाच्या दबावाखाली नव्हे, स्वेच्छेने लिहून देत आहे.'

खाली सही केली आहे. माझी सही तू बऱ्याच वर्षांत पाहिली नसशील. होती नव्हती तेवढी जागा भरून केली आहे.

खणातली चिठ्ठीही देऊन टाक. जपून ठेवण्यासारखं माझं काही ठेवायचंच असेल तर दुसरं काही ठेव.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

निकाल हातात आला म्हणून लिहितेय. सुनावणीत तुझा कागद मोठ्याने वाचला. वाचताना अधिकाऱ्यांनी मध्ये थांबून विचारलं, या बाईंना कुणी असं लिहायला लावलं का? वकीलबाई म्हणाल्या, शेवटची ओळ वाचा. त्यांनी वाचली आणि कागद फाइलला लावला.

माझ्यावर खटला नाही. कंपनीवर चूक ठरली. लेबल चारावरून तीनवर आणायचं, पेपरात तसं छापायचं, वर्षभर योजनेच्या यादीबाहेर राहायचं, आणि अकराशे चाळीस घरी माणूस पाठवून दाराचं रबर नव्याने बसवून द्यायचं, विनामूल्य. तू आपणहून लिहून दिलंस म्हणून तुझ्यावरही खटला नाही, पण चाचणी विभागात तुला पुन्हा पाय ठेवता येणार नाही. त्याऐवजी लाइनवरच्या सहा जणींना दार बसवायला शिकवायचं आणि त्यांना घेऊन घरोघर जायचं, हे काम तुझ्यावर टाकलं आहे. गुडघ्याचं काय करायचं ते बघू. कारकून म्हणतो, त्याची नोंद आपल्याकडे आहेच.

तू मला वाचवलंस. आभार कसे मानायचे हे मला कळत नाही, कारण तू मला बुडवलंही होतंस. दोन्ही एकाच बाईने केलं असल्यामुळे मला धड रागावताही येत नाही. फेब्रुवारीत तुला बरं वाटलं होतं, हे तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. पण लिहिलंस ते बरं झालं. आता मलाही एक लिहिता येईल.

तुझ्या पत्रात बाबांचं एक वाक्य आहे. 'चिंगी आहे त्यात, ते ठीक आहे.' ते मी किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही. ताई, मी इथे पाचव्या मजल्यावर सगळ्यांना सांगत होते की माझे बाबा माझा फोटो समोर ठेवल्याशिवाय जेवत नाहीत. शिपायाला सांगितलं, वकीलबाईंना सांगितलं, दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडं असताना सांगितलं. रविवारच्या तीन वाक्यांनंतरचा अख्खा आठवडा मी त्या काचेच्या जिवावर काढत होते. आणि ते सात महिने माझ्या खांद्यावरून पलीकडे तुझ्या दाराकडे बघत होते. तू लिहितेस तसं मीही लिहिते. मला हेवा वाटतो. तसं समज.

एक काम कर. तो फोटो मधून काप. दार बाबांसाठी काचेखाली राहू दे, माझी बाजू मला पाठव, कागदांच्या लिफाफ्यातून, तेविसावं पान म्हणून. कापताना कात्री माझ्या अंगाला लागून चालव, दाराची रेघ तुटली तर त्यांना लगेच कळेल. माझा हात दारावर टेकलेला आहे, तो तिकडेच राहील. राहू दे.

चिंगी